कोऱ्या पानाचं उत्तर

"मग चूक आहे तरी कुठे, बाई?"

सुयोगने हे तिसऱ्यांदा विचारलं.

तोडणकर बाई खिडकीपाशी बसून सुपात कुळीथ निवडत होत्या. खडा सापडला की तो चौकटीवर ठेवत. तिथे पाच खडे जमले होते.

"बस आधी."

"बसलोय."

तो बसला होता खरा. पण त्याचा उजवा गुडघा सारखा हलत होता, आणि त्या हादऱ्याने मांडीवरचा लॅपटॉपही.

"सगळं दोनदा तपासलं," तो म्हणाला. "एकेक एक्स्टेन्शन काढून परत घातलं. दोन तर बदलूनच टाकली. तरी परवाचा आकडा तोच येतोय."

"किती?"

"सव्वादोन."

"आणि लाँच किती वाजता रुतली?"

"दोनला दहा कमी असताना."

बाईंनी सहावा खडा चौकटीवर ठेवला.

बाईंचं अख्खं आयुष्य भरती-ओहोटी मोजण्यात गेलं होतं. सरकारी खात्यात चौतीस वर्षं त्यांनी बंदराबंदरांतल्या पट्ट्या वाचल्या. पाणी किती चढलं, किती उतरलं ते लिहायचं, आणि त्यावरून पुढच्या वर्षाचं पाणी सांगायचं. निवृत्त झाल्यावर खाडीकाठच्या जुन्या कस्टम चौकीच्या माडीवर दोन खोल्या घेऊन त्या राहिल्या. ज्याला गणित शिकायचं असेल, कॉम्प्युटर शिकायचा असेल, तो जिना चढून यायचा. बाई कोणाला ये म्हणाल्या नाहीत. कोणाला जा म्हणाल्या नाहीत.

सुयोग पावसकर हा त्यांतला सगळ्यांत चलाख. हे बाईंना ठाऊक होतं. सुयोगला जरा जास्तच ठाऊक होतं.

त्या खाडीच्या मुखाशी वाळूचा एक दांडा आहे. पाण्याखाली आडवा पडलेला, पुऱ्या ओहोटीला तेवढा उघडा पडणारा. अलीकडच्या धक्क्यावरून पलीकडच्या वाडीला जाणारी लाँच त्याच्यावरूनच जाते, आणि भरतीचं पुरेसं पाणी असेल तेवढा वेळच जाते. धक्क्यावर एक काळा फलक आहे. लाँच चालवणारा तांडेल दाऊदभाई त्यावर रोज खडूने लिहितो, पहिली फेरी अमुक वाजल्यापासून, शेवटची तमुक वाजेपर्यंत. या वेळा पूर्वी बाई कोष्टक आणि पेन्सिल घेऊन काढून द्यायच्या. यंदा दसऱ्याला सुयोगने ते काम त्यांच्याकडून मागून घेतलं. पुण्याची नोकरी घरून करत तो गावी राहायला आला होता, आणि त्याचे हात शिवशिवत होते.

काम त्याने आपल्या पद्धतीने करायचं ठरवलं.

एरवी टिपणं एका फायलीत, कोड दुसऱ्या फायलीत आणि उत्तरं तिसरीकडे कुठेतरी. सुयोगने सगळं एका पानावर आणलं. त्याच्या एडिटरमध्ये, म्हणजे कोड लिहायच्या प्रोग्रॅममध्ये, वर साध्या मराठीत टिपण, खाली कोडचा एक चौकोन, पुन्हा टिपण, पुन्हा चौकोन. कर्सर चौकोनात ठेवून एक कळ दाबली की तेवढा तुकडा तिथल्या तिथे चालायचा आणि उत्तर त्याच्याच खाली उमटायचं. वाचता वाचता पान बोलायला लागायचं.

हे सगळं करणारं एकच एक्स्टेन्शन, म्हणजे एडिटरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, मिळालं नव्हतं. त्याने सात जोडली होती. सात वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेली, एकमेकांना न ओळखणाऱ्या. एक मजकुरातला कोड ओळखायचं. एक तो उचलून मागे चालू असलेल्या पायथनकडे, म्हणजे कोड चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडे, पाठवायचं. एक उत्तर आणून खाली चिकटवायचं. एक भरतीचा आलेख काढायचं. बाकीची तीन या चौघांची भांडणं मिटवायची.

ते जमलं त्या दिवशी त्याला फार आनंद झाला. दोन दिवस टिकला.

मग त्याला वाटायला लागलं, उत्तर यायला पाव सेकंद लागतो, तो का लागावा? तो प्रश्न सुटला, तर आलेखाचा निळा रंग डोळ्यांत खुपायला लागला. रंग बदलला, तर दोन कळांऐवजी एका कळेत काम का होऊ नये, हे सुचलं. जेवताना त्याचा डावा हात ताटाशेजारी अदृश्य कळा दाबत असायचा. तीन वेळा तो लॅपटॉप घेऊन बाईंकडे आला. तीनही वेळा बाईंनी चष्मा लावून सगळं नीट पाहिलं.

तीनही वेळा त्या "हं" म्हणाल्या.

या "हं"ने तो घरी जाऊन आणखी बेचैन व्हायचा. आठवं एक्स्टेन्शन शोधायला लागायचा.

आणि मग परवा त्रिपुरी पौर्णिमा आली.

पौर्णिमेचं उधाण. अशा दिवशी पाणी खूप चढतं आणि चढतं तसंच भराभर उतरतं. फलकावर वेळ होती सव्वादोनपर्यंत. दाऊदभाईची सवय फलकावरच्या वेळेच्या तासभर आधीच शेवटची फेरी मारायची. रोज तो तसाच निघायचा, फलकावर काहीही लिहिलेलं असो. पण परवा पलीकडच्या वाडीतली अर्पिता खडपे सहा दिवसांच्या बाळाला घेऊन दवाखान्यातून घरी जायची होती. तिचे कागद वेळेत मिळाले नाहीत. माणसं लाँचमध्ये बसून कुरकुरायला लागली. दाऊदभाईने फलकाकडे बोट दाखवलं आणि सांगितलं, अजून तासभर आहे, बाळंतिणीला सोडून कसं जायचं?

अर्पिता दीडला आली. लाँच सुटली. दांड्यावर गेली आणि तिथेच बसली.

सव्वीस माणसं. वर ऊन, खाली उतरतं पाणी. छोट्या होड्या गोळा करून एकेकाला काढायला सव्वाचार वाजले. अर्पिताने पदराची सावली केली होती, पण पदर तो केवढा. संध्याकाळी बाळ तापाने फणफणलं आणि पुन्हा त्याच दवाखान्यात गेलं. इवल्या हातात सुई, सलाईन.

सुयोग धक्क्यावरून हे सगळं पाहत होता. लॅपटॉपची बॅग खांद्यालाच होती.

दाऊदभाई त्याला एका शब्दाने बोलला नाही. ओली लुंगी पिळताना फक्त एवढंच म्हणाला, "सव्वादोन लिवला होतास ना रे?"

"बाळ कसं आहे?" बाईंनी विचारलं.

"बरं आहे म्हणतात. ताप उतरलाय."

"कोण म्हणतं?"

"दाऊदभाई."

"तू गेला होतास?"

"मी दोन दिवस यालाच लागलोय, बाई. चूक सापडल्याशिवाय कुठल्या तोंडाने जाणार?"

बाईंनी सूप बाजूला ठेवलं. हात पदराला पुसले. चष्मा लावला.

"दाखव."

त्याने लॅपटॉप त्यांच्यापुढे स्टुलावर ठेवला. अक्षरं मोठी केली. बाई वाचायला लागल्या. त्यांची बोटं आता थरथरत, पण डोळे ओळीवरून ओळीवर जाताना अजिबात घाई करत नसत. सुयोगला ते सोसवेना. तो उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला, उभ्या उभ्या म्हणाला, "तिसऱ्या चौकोनात लाँचला किती पाणी लागतं ते आहे. ते बरोबर आहे. चौथ्यात..."

"वाचतेय मी."

तो खाली बसला.

सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. चौकोनांतली नावंसुद्धा मराठीत. नाव वाचून काय ते कळलं पाहिजे, ही बाईंची शिस्त. भरती, ओहोटी, लाँचचा_तळ, दांडा_उंची. दांडा_उंची पुढे लिहिलं होतं, १.३.

बाई त्या ओळीवर थांबल्या. मग खाली गेल्या. मग पुन्हा वर आल्या.

"हे मागे चालू असतं ते, पायथन. कधी सुरू केलंस?"

"दसऱ्याला."

"आणि बंद?"

"बंद कशाला करायचं?" सुयोगच्या आवाजात दोन दिवसांत पहिल्यांदा जरा तरतरी आली. "तीच तर खरी गंमत आहे. सदतीस दिवस तो एकदाही बंद नाही. एक्स्टेन्शन काढा, घाला, एडिटर मिटा, लॅपटॉप झोपवा. तो मागे जागाच. म्हणून तर काही पहिल्यापासून चालवावं लागत नाही. हवा तो चौकोन हवा तेव्हा चालतो."

"सदतीस दिवस."

"हो."

"याची प्रत ठेवलीयस कुठे?"

"आहे. का?"

"मग हे पूस."

"काय पुसू?"

"पान."

सुयोग हसला. मग बाईंच्या तोंडाकडे पाहून त्याचं हसू विरलं.

"सगळं?"

त्याचा हात पुढे होईना. प्रत आहे हे त्याला ठाऊक होतं. तरीही होईना. या पानावर त्याने सदतीस दिवस खर्च केले होते. कुठला चौकोन कुठल्या दुपारी लिहिला, हे त्याला आठवत होतं.

बाईंनी वाट पाहिली. मग स्वतःच दोन थरथरती बोटं कळांवर टेकवली. पान वरपासून खालपर्यंत निळं झालं. त्यांनी आणखी एक कळ दाबली.

पडदा पांढरा. वर डाव्या कोपऱ्यात कर्सर तेवढा लुकलुकत होता.

सुयोगने खालचा ओठ दाताखाली धरला.

"आता एक चौकोन कर," बाई म्हणाल्या. "त्यात एकच शब्द लिही. दांडा."

"दांडा_उंची."

"नाही. नुसतं दांडा."

त्याने लिहिलं. असं काही नाव पानावर नव्हतंच, मग काय येणार, लाल अक्षरांत तक्रार येईल, असं मनाशी म्हणत लिहिलं.

"चालव."

त्याने कळ दाबली.

चौकोनाखाली, शांतपणे, उत्तर उमटलं.

०.९

सुयोग बघतच राहिला.

"पान कोरं आहे ना?" बाईंनी विचारलं.

"हो."

"तू आत्ता काही सांगितलंस त्याला?"

"नाही."

"मग हे कोण बोललं?"

खाली धक्क्यावर कोणीतरी बर्फाच्या लाद्या फोडत होतं. त्याचा ठक ठक आवाज येत होता. सुयोगचे हात कळफलकाच्या वर तसेच राहिले होते.

मग त्याला आठवलं.

दसऱ्याचा दिवस. पहिला चौकोन. दांड्याची उंची हवी होती, हाताशी गेल्या वर्षीचा आकडा होता. तात्पुरता म्हणून त्याने लिहिलं, दांडा = ०.९. चालवलं. चारपाच दिवसांनी नवा आकडा मिळाला. पावसाळ्यात वाळू येऊन दांडा चढला होता, एक पॉइंट तीन मीटर. त्याने नवा चौकोन केला. नाव जास्त स्पष्ट असावं म्हणून दांडा_उंची असं ठेवलं. जुना चौकोन पानावरून पुसून टाकला. पान स्वच्छ दिसायला लागलं.

पण खाली, जिथे शेवटची वेळ निघत होती, त्या ओळीत एका ठिकाणी जुनंच नाव राहून गेलं. आणि पायथनने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. का करील? एकदा सांगितलेलं तो बंद होईपर्यंत विसरत नाही. त्याला दांडा ठाऊक होता. सदतीस दिवस ठाऊक होता.

"मी तो पुसला होता," सुयोग म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच बारीक वाटला. "पानावरून पुसला होता."

"हं," बाई म्हणाल्या.

या वेळचं "हं" वेगळं होतं की नेहमीचंच, हे त्याला कळलं नाही.

"बंद कर त्याला," त्या म्हणाल्या.

त्याने पायथन बंद केला. सदतीस दिवसांनी. त्याला वाटलं होतं काहीतरी होईल. काहीच झालं नाही. पडद्याच्या खालच्या कडेचा एक हिरवा ठिपका गेला, एवढंच.

त्याने पायथन पुन्हा सुरू केला, ठेवलेली प्रत आणली आणि वरून पहिला चौकोन चालवला. मग दुसरा. मग तिसरा, मधला एकही न टाळता. पाचव्या चौकोनाखाली लाल ओळ आली. दांडा नावाचं काही ठाऊक नाही.

दोन दिवस तो ज्या चुकीच्या मागे धावत होता, ती ही. एका ओळीत, स्वतःहून समोर येऊन उभी राहिलेली.

त्याने नाव दुरुस्त केलं. परवाची तारीख घातली. चालवलं.

एक वाजून वीस मिनिटं.

त्या आकड्याकडे तो बराच वेळ पाहत बसला. एक वीस. अर्पिता दीडला आली होती. फलकावर एक वीस असतं, तर दाऊदभाई तिच्यासाठी थांबला नसता. ती दवाखान्याच्या बाकावर बाळाला घेऊन सावलीत बसली असती, दुसऱ्या दिवशीच्या लाँचची वाट पाहत, दाऊदभाईच्या नावाने बोटं मोडत. बाळाला काही झालं नसतं.

"सापडली," तो म्हणाला. कोणाला उद्देशून नव्हे.

बाईंनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं होतं.

सुयोगचा गुडघा घटकाभर थांबला होता. तो पुन्हा हलायला लागला.

"बाई, यावर एक उपाय आहे. प्रत्येक वेळी पायथन आपोआप बंद करून नव्याने चालवणारं एक एक्स्टेन्शन आहे. मी पाहिलंय. त्याचं आलेखवाल्याशी पटत नाही, पण मध्ये छोटंसं काही लिहिलं तर पटेल. आणि जुनं उत्तर शिळं झालं की ते फिकट दिसायला हवं, तेही करता येईल. अर्ध्या तासाचं काम आहे." बोलता बोलता त्याची बोटं चालू झाली होती. "म्हणजे असं पुन्हा कधी होणारच नाही. माझ्या हातून चूक झाली तरी ते होऊ देणार नाही."

बाई कुळीथ निवडत राहिल्या.

"चांगलं आहे ना?"

"चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "कर."

त्याने मान खाली घातली आणि करायला लागला. बाई खरंच चांगलं म्हणाल्या की नुसतं म्हणाल्या, हे त्याच्या मनात टोचत राहिलं. पण हात थांबले नाहीत.

फोन वाजला. दाऊदभाई. सुयोगने स्पीकरवर टाकला, कारण हात गुंतलेले होते.

"सुयोग, उद्याचा काय लिवू?"

"थांबा हं, दाऊदभाई. सांगतो." त्याने उद्याची तारीख घातली, वरून खालपर्यंत सगळं चालवलं. आता कुठेच लाल नव्हतं. शेवटच्या चौकोनाखाली उमटलं, पावणेचार.

"ती खडप्यांची पोरगी उद्या जायची म्हनते," दाऊदभाई सांगत होता. "बाळाला सोडला दवाखान्यातून. तिचे सासरे बाहेरगावी गेलेत, ते येतील घ्यायला, दुपारच्या एसटीनं. गाडी साडेतीनला येते. तेवढा वेळ आहे काय? नसेल तर तसा सांगतो तिला, परवा जा म्हनून. पन लवकर सांग. पोरगी इचारून इचारून हैरान झालीय."

साडेतीन. पावणेचार. मध्ये पंधरा मिनिटं.

सुयोगने तोंड उघडलं. गणित बरोबर होतं. आता ते बरोबर होतं, हे तो कोणालाही दाखवू शकला असता. पावणेचार, एवढा एकच शब्द म्हणायचा होता.

तो म्हणवेना.

"दाऊदभाई," तो म्हणाला, "तो दांड्याचा आकडा. एक पॉइंट तीन. तुम्ही दिला होतात मला दिवाळीच्या आधी, फोनवर. तो मोजला कसा होता?"

"मोजला म्हनजे... जाता जाता बांबू टाकला होता होडीतनं. एका ठिकानी. अंदाज सांगितला मी. तुला म्हटला पन होता, येऊन जा एकदा, दोघं बघू. तू म्हनालास येतो."

"हो," सुयोग म्हणाला.

"मग काय लिवू?"

"थोड्या वेळाने फोन करतो."

त्याने फोन बंद केला. पडद्यावर सगळं जागच्या जागी होतं. टिपणं, चौकोन, उत्तरं, आलेखाची ती वळणदार रेघ. आठवं एक्स्टेन्शन अर्धवट बसलेलं. एका ओळीत १.३. त्या ओळीवर कर्सर ठेवून त्याने उगाच कळ दाबली. खाली उमटलं, १.३. पुन्हा दाबली. १.३. जितक्या वेळा विचारलं तितक्या वेळा तेच, तितक्याच ठामपणे.

त्याने लॅपटॉप मिटला. पुन्हा उघडला. उठला, खिडकीशी गेला. खाडीत भरती होती. धक्क्यापासून पलीकडच्या माडांपर्यंत नुसतं सपाट, चकाकणारं पाणी. दांडा कुठे आहे, ते सांगूनही कळलं नसतं. या पाण्याखाली काय आहे याची गणितं त्याने सदतीस दिवस केली होती. खिडकीतून तो इतक्या वेळा बाहेर पाहत आला होता. आज त्याला वाटलं, आपण कधी काही पाहिलंच नाही.

"बाई."

"हं."

"मी त्याला काय सांगू?"

बाईंनी सुपातले कुळीथ हाताने पसरले.

"पंधरा मिनिटांचा प्रश्न आहे. दांडा एक पॉइंट तीनच असेल तर ती पोरगी उद्या घरी जाते. एक पॉइंट चार असेल तर परत रुतते. बाळासकट." त्याने दोन्ही हात डोक्यावर दाबून धरले. "नाही म्हणून सांगू? परवा जा म्हणून? म्हणजे निदान..."

"परवा काय असेल दांडा?"

सुयोगने हात खाली घेतले.

"ठाऊक नाही," तो म्हणाला.

हे दोन शब्द त्या माडीवर त्याने कधी उच्चारले नव्हते. उच्चारल्यावर खोलीत काही बदललं नाही. बर्फ फोडणाऱ्याचा ठक ठक आवाज तसाच चालू होता. पण त्याला आता बसवत नव्हतं आणि चालवतही नव्हतं. तो खोलीच्या मधोमध तसाच उभा राहिला.

बाई उठल्या. एका हाताने भिंतीचा आधार घेत आतल्या खोलीत गेल्या. कपाटामागे काहीतरी सरकवल्याचा, आपटल्याचा आवाज आला. सुयोग मदतीला जाणार, तेवढ्यात त्या परत आल्या. हातात एक लांब लाकडी मोजकाठी होती. पांढऱ्या-काळ्या खुणांचा रंग मधे मधे उडालेला, खालचं टोक खाऱ्या पाण्याने कुजून मऊ झालेलं.

ती त्यांनी त्याच्या हातात दिली. तिचं वजन त्याला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच जास्त होतं.

"कुठे कुठे टेकवू?" त्याने विचारलं. "म्हणजे, किती ठिकाणी? आणि ते एडिटरमध्ये नंतर कसं..."

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. खिडकीबाहेर पाहिलं.

"उद्या सकाळी पावणेआठला पुरती ओहोटी आहे," त्या म्हणाल्या. "चपला काठावर काढून जा."